निवेदनालाही वाफसा असतो



या अंकाबरोबर जिल्हा बैठकीचे निमंत्रण तुमच्या हातात पडत आहे. बैठकीपुढे विषय एकच. कापसाची सरकारी खरेदी पहिल्या वेचणीबरोबर सुरू व्हावी, ओलाव्याचे निमित्त करून भरलेली गाडी परत लावणे थांबावे, आणि ज्वारीची हमीभावाची खरेदी मळणी होताच सुरू व्हावी, या तीन मागण्यांसाठी रस्त्यावर बसायचे की नाही? तालुक्यातालुक्यातून ठराव आले आहेत. बहुतेकांचा सूर एकच: आता निवेदने पुरे. दोन गावांचे ठराव मात्र उलट सुराचे आहेत. रस्ता अडवला की हाल होतात ते एस.टी.तल्या आपल्याच माणसांचे, साहेबाच्या केसालाही धक्का लागत नाही, असे त्या गावांचे म्हणणे. हे दोन ठराव कोणी फाटकन बाजूला सारू नयेत. ज्या गावांनी ते पाठवले त्यांनी या चळवळीत इतरांपेक्षा कमी लाठ्या खाल्लेल्या नाहीत.

बैठकीत जो तो आपापले बोलेलच. त्याआधी आमचे म्हणणे येथे मांडतो.

निवेदन देणे म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. शेतकी महाविद्यालयातून बाहेर पडलो तेव्हा आमचा समज असा होता की अर्ज नीट लिहिला, आकडे बरोबर दिले, माती-पाण्याचा हिशेब मांडला, की सरकार ऐकते. साहेब शिकलेला, आपणही शिकलेले, मग अडचण कसली? पहिली काही वर्षे आम्ही गावोगावच्या शेतकऱ्यांना सुरेख निवेदने लिहून दिली. उत्पादन खर्चाचे तक्ते जोडले. नांगरटीपासून वेचणीपर्यंतची मजुरी, बैलजोडीचे भाडे, बियाणे, खत, फवारणी, सगळे रकाने भरून. निवेदन बारनिशीच्या टेबलावर जायचे, दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून गोल शिक्का बसायचा आणि आम्ही समाधानाने चहा पिऊन परत यायचो. एका कार्यालयात दीड वर्षानंतर चौकशीला गेलो. कारकून भला माणूस होता, त्याने गठ्ठे उपसले. आमची चार निवेदने एकाच फायलीत, एकाखाली एक, व्यवस्थित टाचलेली होती. शेवटचे निवेदन पहिल्याला जोडून ‘पूर्वीच्या पत्रव्यवहाराशी संलग्न’ असा शेरा. पहिल्यावर काहीच नव्हते. म्हणजे आमचे चौथे निवेदन पहिल्याचे उत्तर झाले होते! कार्यालयाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तुमच्यापैकी प्रत्येकाजवळ असे एक कार्यालय असेलच.

यात कोणी दुष्टपणाने वागले असे आम्हाला वाटत नाही. फाईल वर गेली, वरून खाली आली, अभिप्रायासाठी दुसऱ्या खात्याकडे गेली, तिथे साहेबाची बदली झाली. सगळे नियमाप्रमाणे. खरी गोम दुसरीकडेच आहे, आणि ती शेती करणाऱ्यालाच कळेल. पेरणीला वाफसा लागतो. मृगाचा पाऊस पडला, रान भिजले, पाणी जिरले, वखराच्या पासेला माती चिकटेनाशी झाली, की मधले दोन-चार दिवस आपले. ते गेले की तेच बियाणे, तीच जमीन, तोच शेतकरी, पण पेरणी साधत नाही. शेतकऱ्याच्या तक्रारीलाही असाच वाफसा असतो. बियाणे उगवले नाही ही तक्रार आठ-दहा दिवसांत पाहिली गेली तर दुबार पेरणी होते, नाहीतर तो कागद राहतो. खरेदी केंद्र दिवाळीआधी उघडले तर गरजू माणसाचा कापूस त्यावर जातो. संक्रांतीला उघडले तर जातो तो व्यापाऱ्याचा, आपल्याकडून पडत्या भावात घेतलेला, कोणाच्या तरी सातबाऱ्यावर चढवलेला. ज्वारी मळून पोत्यात पडली, बँकेचा माणूस दारात, पोरीचे लग्न तिथीवर, आणि खरेदीचा आदेश निघतो पोती विकून झाल्यावर. आदेश निघतोच, नाही असे नाही! सरकारला तो आपण वेळेत दिला असेच वाटत असते. सरकारचे वर्ष 31 मार्चला संपते, आपले पहिल्या पावसाला सुरू होते. ही दोन वर्षे एकमेकांना कधी भेटतच नाहीत.

आता वेळेचा नियम कोणाला लागू होतो तो पाहा. 2016 साली आलेल्या पीकविमा योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची खबर शेतकऱ्याने 72 तासांच्या आत द्यावी, अशी अट होती. रान चिखलात, वीज गेलेली, फोनला रेंज नाही, पण 72 तास म्हणजे 72 तास. उशीर झाला की दावा बाद. ज्याला खबर दिली त्याचे उत्तर मात्र वेळेत येईल याची शाश्वती नाही.

सरकारी दार सगळ्यांनाच बंद असते असेही नाही. 2025 सालच्या ऑगस्टमध्ये आपल्या कपाशीला पाते-फुले लागत होती, बोंडे धरत होती. त्या वेळी परदेशी कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्टपासून 30 सप्टेंबरपर्यंत माफ झाले. कापड गिरण्यांची मागणी होती, अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के कर बसवल्याचा ताण होता, अडचण खोटी नव्हती. पण ती मुदत संपण्याची वाटही पाहावी लागली नाही. 28 ऑगस्टला ती 31 डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे आपल्या वेचणीचा अख्खा हंगाम शुल्कमाफीत गेला. मध्यम धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव होता 7,710 रुपये क्विंटल, लांब धाग्याचा 8,110. तो घ्यायचा तर मोबाईलवर नोंदणी करा, तारीख मिळवा, मग गाडी न्या. केंद्रावर ओलावा 8 टक्क्यांवर गेला की कपात, 12 च्या वर गेला की गाडी परत. सकाळच्या दवात वेचलेला कापूस आणि ऐन हिवाळ्यातले केंद्र, 12 चा काटा कसा गाठायचा ते तुम्हीच जाणे. एका बाजूला मागणी करताच आठ-दहा दिवसांत दोन आदेश. दुसऱ्या बाजूला फाईल. गिरणीवाल्यांनी रस्ता अडवला नाही हे खरे आहे. त्यांना तो अडवावा लागत नाही.

म्हणून ‘सनदशीर मार्ग सोडू नका’ असा उपदेश करणाऱ्या शहरी मित्रांना आम्ही एकच विचारतो: सनदशीर मार्ग म्हणजे ज्या मार्गाने गेल्यावर माणूस कुठेतरी पोचतो तो, की नुसते चालत राहतो तो?

ही गोष्ट आजची नाही. आपल्याच कापसाची जुनी कहाणी सांगतो, कारण तीत आपल्या कामाचे पुष्कळ आहे. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि मुंबई इलाख्यात कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार दारी येऊन कर्ज देऊ लागले. सरकारने जमिनीची फेरआकारणी काढली आणि सारा जबर वाढवला. युद्ध संपले, भाव कोसळला, वाढलेला सारा मात्र होता तिथेच राहिला. तो भरायला पुन्हा सावकार. पुण्याच्या सार्वजनिक सभेने साऱ्याच्या वाढीबद्दल सरकारला अर्ज केले, खेड्यापाड्यांतून माहिती गोळा करून पाठवली. भाषा सभ्य, इंग्रजी निर्दोष. पुढे 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि खतपत्रे, रोखे, दस्तऐवज बाहेर काढून जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरले. माणसांच्या अंगाला हात लागल्याचे प्रकार थोडे. रोष होता तो कागदांवर. सावकाराने कागद मुकाट्याने दिले तर पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावरच भागले.

नंतर काय झाले? फौज आली, धरपकड झाली, शिक्षा झाल्या. पण त्याच सरकारने चौकशी आयोगही नेमला. कोणत्या गावात किती जमीन गहाण, व्याजाचा दर काय, कोर्टात हुकूमनामे कसे एकतर्फी होतात, सारे बारकाईने लिहून काढले गेले. जी माहिती सभ्य अर्जातून दिली तेव्हा कोणी हातात घेतली नाही, ती रोख्यांची होळी झाल्यावर सरकारने स्वतःच्या खर्चाने गोळा केली. 1879 साली दख्खन शेतकरी संरक्षणाचा कायदा झाला. कोर्टाने कर्जाच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासावा, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशा गोष्टी त्यात आल्या.

इथवर सांगून थांबलो तर टाळ्या पडतील. पण अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. सुप्याच्या लोकांनी जाळले ते सावकाराचे कागद. साऱ्याच्या आकारणीचे कागद कचेरीत सुरक्षित राहिले. समोर दिसणारा होता तो सावकार; ज्याने सारा वाढवला तो दिसतच नव्हता. कायदाही मग सावकाराबद्दलचा झाला. साऱ्याचा बोजा मुळात हलला नाही, आणि सावकाराने गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेण्याची युक्ती शोधली. चारच वर्षांनी महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो शेतकऱ्याच्या या लुबाडणुकीची सगळी साखळीच उघडी करण्यासाठी. आंदोलन करताना जो हाताशी सापडला त्याला धरायचे, हा मोह तेव्हा होता, आजही आहे. खरेदी केंद्रावरच्या ग्रेडरची कॉलर धरणे सोपे असते. तो आठशे रुपये कमी मिळालेल्या माणसाच्या समोर उभा असतो म्हणून. ओलाव्याचे कोष्टक त्याने केलेले नाही.

दुसरे उदाहरण कुलाबा जिल्ह्यातले, आताचा रायगड. अलिबागजवळच्या चरी गावी 1933 साली नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने खोतांच्या कुळांनी ठरवले की जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावांतल्या लोकांनी नांगर उभे करून ठेवले. किती दिवस? 1939 पर्यंत. भाताची खाचरे पडीक राहिली, कुळांनी मोलमजुरी केली, लाकडे तोडून विकली, अर्धपोटी राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, 1937 साली खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी विधिमंडळात आणले आणि पुढच्याच वर्षी जानेवारीत शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईला नेला. 1939 साली कुळकायदा झाला, पुढे 1948 चा आला. चरीचा संप आम्हाला फार मोठा वाटतो तो यासाठी की त्यात अडवले कोणाला? परक्याला नव्हे, स्वतःच्याच चुलीला. खोताचे धान्य बंद झाले पण आधी आपले बंद झाले. असल्या अडवणुकीला ‘सामान्य लोकांना त्रास’ म्हणायला कोणाची जीभ उचलत नाही. अर्थात आजच्या कोरडवाहू कापसाला हा उपाय जसाच्या तसा लागू होत नाही. आपण पेरले नाही तर गिरणीला ब्राझीलचा कापूस आहे. आपण उपाशी राहून कोणाचे अडणार, याचा विचार चरीच्या कुळांना करावा लागला नव्हता.

आपल्या चळवळीतल्या जुन्या माणसांना चाकण आठवत असेल. 1980 च्या जानेवारीत शरद जोशींबरोबर मावळच्या डोंगरातल्या वांद्र्यापासून चाकणपर्यंत 64 किलोमीटर लोक चालत आले, रस्ता मिळावा म्हणून. ज्यांना रस्ता नाही त्यांनीच पुढे कांद्याच्या भावासाठी रस्ता अडवला, हा योगायोग कित्येकांच्या लक्षातही आला नसेल. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याचे आंदोलन पेटले, रेल्वे अडली, लाखावर लोक रस्त्यावर आले. 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीला तंबाखूच्या शेतकऱ्यांनी पुणे-बंगलोर महामार्गावर तीन आठवड्यांवर ठाण मांडले. बायका, पोरे, चुली, सगळे रस्त्यावर. 6 एप्रिलला गोळीबार झाला आणि बारा जण गेले. 10 डिसेंबर 1986 ला त्या वेळच्या परभणी जिल्ह्यात, सुरेगावला, कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसलेले तीन शेतकरी गोळीला बळी पडले. एकाधिकार खरेदीचे दिवस होते ते. कापूस राज्याबाहेर न्यायचा नाही, दुसऱ्याला विकायचा नाही, चुकारा कधी मिळेल ते विचारायचे नाही.

रस्त्यावर बसायचे की नाही, हे ठरवताना सुरेगाव डोळ्यांसमोर ठेवूनच ठरवले पाहिजे. घोषणा देताना हे सोपे वाटते. रस्त्यावर बसलेला माणूस निःशस्त्र असतो आणि समोर गाडीभर पोलीस असतात. मधे एक दगड पुरतो. तो दगड आपल्यातल्या कोणी मारला की बाहेरच्या कोणी, हे नंतर कितीही चौकशा केल्या तरी सापडत नाही.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सरकारही शिकले. 1988 च्या ऑक्टोबरात महेंद्रसिंह टिकैत यांनी लाखो शेतकरी दिल्लीत बोट क्लबवर आणून आठवडाभर बसवले. बैलगाड्या, ट्रॅक्टर, हुक्के, सगळे संसदेच्या नाकासमोर. पुढे काही वर्षांत बोट क्लबवर सभा घ्यायलाच बंदी झाली. मग जागा मिळाली ती जंतरमंतर. मुंबईत आझाद मैदान, नागपूरच्या अधिवेशनात बॅरिकेडच्या अलीकडचा ठरावीक पॉइंट. तिथे जा, मंडप घाला, भाषण करा, एखादा राज्यमंत्री येईल, निवेदन घेईल, फोटो काढेल. म्हणजे बारनिशीचे टेबलच उचलून मैदानात आणले म्हणायचे! सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबर 2020 च्या शाहीनबागेबद्दलच्या निकालात सांगितले की विरोध करण्याचा हक्क आहे, पण सार्वजनिक रस्ते बेमुदत अडवता येणार नाहीत, आंदोलने नेमून दिलेल्या जागी व्हावीत. न्यायालयाचा मान आम्ही राखतो. घटनेच्या 19 व्या कलमाने शांततेने, शस्त्राविना जमण्याचा हक्क दिला आहे आणि त्यावर वाजवी बंधने घालता येतात, हेही मान्य. आमचे म्हणणे एवढेच, की नेमून दिलेल्या जागी कोणी ऐकणाराही नेमून द्यावा.

या निकालानंतर दोनच महिन्यांच्या आत पंजाब-हरियाणाचे शेतकरी दिल्लीच्या वेशीवर येऊन बसले. सिंघू, टिकरी, गाझीपूर. त्या तीन कायद्यांबद्दल आपल्या चळवळीत दोन तट होते आणि आहेत. बाजार मोकळा व्हावा ही आपल्यातल्या अनेकांची जुनी मागणी, तर हमीभावाची खरेदी जाईल ही दुसऱ्यांची भीती. तो वाद येथे उकरत नाही. पद्धतीबद्दल बोलतो. 5 जून 2020 ला टाळेबंदीत वटहुकूम निघाले. ज्यांच्यासाठी काढले त्यांना विचारले नाही. सप्टेंबरात विधेयके आली, संसदेच्या समितीकडे गेली नाहीत, त्यांतली दोन राज्यसभेत 20 सप्टेंबरला गोंधळात आवाजी मतदानाने मंजूर झाली. 26 नोव्हेंबरपासून वर्षभर शेतकरी रस्त्यावर राहिले. 19 नोव्हेंबर 2021 ला पंतप्रधानांनी कायदे मागे घेण्याची घोषणा केली. सातशेच्या आसपास शेतकरी त्या वर्षात दगावले असे शेतकरी संघटनांनी सांगितले. भरपाईबद्दल संसदेत विचारले तेव्हा कृषी खात्याचे उत्तर आले: नोंद नाही.

आणि ज्यांना कायदे हवे होते त्यांचे तरी ऐकले का? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये समिती नेमली. त्यात आपल्या शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. समितीने मार्चमध्ये बंद लिफाफ्यात अहवाल दिला. तो लिफाफा उघडलाच गेला नाही. कायदे रद्द होऊन गेल्यावर, मार्च 2022 मध्ये, घनवटांनी तो स्वतःच लोकांसमोर ठेवला. कायदा हवा म्हणणारा आणि नको म्हणणारा, दोघांचेही कागद एकाच कपाटात! स्वामिनाथन आयोगाचे काय वेगळे झाले? 2004 साली नेमला, 2006 च्या ऑक्टोबरात शेवटचा अहवाल दिला. उत्पादन खर्चावर 50 टक्के जास्त भाव द्या, ही त्यातली ओळ गावातल्या पोरालाही पाठ आहे. खर्च म्हणजे कोणता खर्च, जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरून की वगळून, याचा घोळ त्यानंतर संपलाच नाही.

हे सगळे वाचून ‘मग काय, अडवा रस्ता’ असे म्हणणाऱ्यांना आता थोडे आवरतो.

28 ऑक्टोबर 2025 ला कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांनी नागपूर-हैदराबाद महामार्ग अडवला. दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रस्ता मोकळा करण्याचा आदेश दिला. तिसऱ्या दिवशी मुंबईत सरकारबरोबर बैठक झाली आणि कर्जमाफीचा निर्णय 30 जून 2026 पूर्वी घेऊ, असे सरकारने सांगितले. वर्षानुवर्षे निवेदनांना न मिळालेली बैठक तीन दिवसांत मिळाली, हे कबूल केले पाहिजे. पण मिळाली ती तारीख. रस्ता अडवून सरकारला खुर्चीवर आणून बसवता येते. पुढचे काम बसल्यावरच सुरू होते, आणि त्यासाठी आपल्याजवळ हिशेबाचा कागद लागतो. जिथे कागद तयार नव्हता तिथे आंदोलने तारखेवरच संपली.

दुसरी गोष्ट लोकांच्या हालाची. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून पायी निघालेले शेतकरी, त्यांत आदिवासीच जास्त, सुमारे 180 किलोमीटर चालून मुंबईत आले. मुक्काम शीवजवळच्या सोमय्या मैदानावर होता. सकाळी दहावीचा पेपर. पोरांना परीक्षेला जाता आले नाही तर काय, म्हणून पायाला फोड आलेली ती माणसे 11 तारखेच्या रात्री झोप मोडून उठली आणि अंधारातच आझाद मैदानावर जाऊन बसली. सकाळी मुंबई जागी झाली तेव्हा रस्ते मोकळे होते. मुंबईकर भाकरी, पाणी, चपला घेऊन मैदानाकडे धावले. 12 मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले. पाच वर्षांनी, 2023 च्या मार्चमध्ये, उरलेल्या मागण्यांसाठी त्यांना पुन्हा निघावे लागले आणि ते वाशिंदपर्यंत आले, हेही सांगितले पाहिजे. पण त्या रात्रीच्या चालण्याने शेतकऱ्याबद्दल शहराच्या मनात जे झाले ते शंभर रास्ता रोकोंनी झाले नव्हते. उलट 2017 च्या जूनमध्ये पुणतांब्याहून सुरू झालेल्या शेतकरी संपात रस्त्यावर ओतलेल्या दुधाचे फोटो आजही आपल्या तोंडावर मारले जातात. त्या संपामुळे त्याच महिन्यात 34,000 कोटींची कर्जमाफी जाहीर झाली, ते कोणी काढत नाही. दूध ओतणाऱ्याच्या पोटातली आग आम्हाला समजते. तरीही लिहितो: ज्वारीचे कणीस पायदळी पडले तर उचलून कपाळाला लावणारी आपली आजी ते बघून काय म्हणाली असती?

तिसरी गोष्ट खटल्यांची. जमावबंदीचा आदेश असतो, महाराष्ट्र पोलीस कायद्याची कलमे लागतात, सकाळी ताब्यात घेऊन संध्याकाळी सोडतात, एवढ्यावर भागले तर ठीक. महामार्ग म्हटला की राष्ट्रीय महामार्ग कायद्याचे कलम येते, धक्काबुक्की झाली तर सरकारी कामात अडथळ्याचे. पुढारी जामिनावर सुटतो, त्याला हार पडतात. मागच्या रांगेतले पोर पोलीस भरतीला जाते तेव्हा चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा निघतो. दहा-दहा वर्षे तारखांना जाणारी माणसे आमच्या माहितीत आहेत. एकेका तारखेला मजुरी बुडते ती वेगळीच. खटले मागे घेऊ, असे प्रत्येक वाटाघाटीत कबूल होते आणि त्या कबुलीचीही फाईल होते.

तर आमचे मत असे. रस्त्यावर बसावे लागेल, याबद्दल आम्हाला शंका उरलेली नाही. पण पहिल्या दिवशी महामार्ग नको. ज्याने ऐकायचे आहे त्याच्या दाराशी आधी बसू. सुप्याची चूक पुन्हा नको. तालुक्यातल्या भरलेल्या गाड्या, कापसाच्या आणि ज्वारीच्याही, जिल्हा कचेरीच्या रस्त्याला, एका बाजूने लावायच्या. माल आपला, तो तिथे विकायला आणला आहे, हमीभावाने घ्या, एवढेच म्हणणे. ज्याची वेचणी चालू आहे त्याने येऊ नये, त्याच्या वाट्याचे शेजारच्याने यावे. ओलावा मोजायचे यंत्र आपणही न्यायचे, साहेबांसमोर प्रत्येक गाडीचा आकडा काढून पाटीवर लिहायचा. यंत्र धरायला आमच्यातला कोणीही येईल, तेवढे शिक्षण आमचे कामी यावे. या बसण्याची लेखी सूचना पंधरा दिवस आधी, तारखेसह. त्यात हेही लिहायचे की आठव्या दिवसापर्यंत सही-शिक्क्याचे, तारीख घातलेले उत्तर आले नाही तर नवव्या दिवशी महामार्ग.

नवव्या दिवशी बसलो तर रुग्णवाहिकेला वाट ठेवण्याचे काम प्रत्येक ठिकाणी दोन नावानिशी माणसांकडे. परीक्षेचे दिवस असतील तर सकाळचे तास सोडायचे. अडकलेल्या एस.टी.तल्या माणसांना पाणी आणि भाकरी आपल्याकडची. त्यात दोन ठराव पाठवणाऱ्या त्या गावांनी पुढाकार घ्यावा अशी आमची विनंती आहे, त्यांच्याइतकी ही काळजी दुसऱ्यांना वाटणार नाही. भरतीची तयारी करणारी पोरे पुढच्या रांगेत नकोत. पुढे आम्ही पन्नाशीकडे झुकलेले बसू, आम्हाला आता कोण नोकरी देणार आहे! बायकांना शोभेपुरते पुढे बसवायचे आणि चर्चेला मात्र पुरुषांनी जायचे, ही पद्धत बंद. कापूस वेचणारीला ओलावा किती ते हाताने कळते, चर्चेच्या खोलीत ती हवी. आणि ज्याच्या हातात दगड दिसेल त्याला आपणच उठवून बाजूला न्यायचे, मग तो कोणाचाही भाचा असो.

मतभेद असतील ते बैठकीत मोकळेपणाने मांडा. पहिल्या दिवसापासून महामार्ग, असे बहुमताने ठरले तर आम्ही त्यातही असू, मात्र वरच्या काळजीचा शब्द न् शब्द धरून.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने आजवरच्या निवेदनांच्या पोचप्रती आणाव्यात, शिक्का आणि तारीख दिसेल अशा. फाटलेल्या असल्या तरी चालतील. त्या तारखेवार लावून एकच यादी करायची आहे: निवेदन कधी दिले, त्या वेळी पीक कोणत्या अवस्थेत होते, आणि उत्तर कधी आले. ज्यांचे उत्तर आलेच नाही त्यांचा रकाना कोरा ठेवू. खरेदी केंद्रावरून गाडी परत आली असेल तर त्या दिवशीची चिठ्ठी, काट्याची पावती, आणि तोच माल नंतर व्यापाऱ्याला कोणत्या भावाने दिला त्याची पट्टी, एवढेही सोबत असू द्या. बैठक सकाळी अकराला सुरू होईल. भाकरी बांधून आणावी, पाण्याची सोय आहे.